नव्वदातले सदतीस

जुलैचे पहिले तीन आठवडे अमेरिकन फुटबॉलच्या वर्षातले सगळ्यात सुने. जूनच्या मध्यावर मिनी-कॅम्प आटोपतात, प्रशिक्षक सुट्टीवर जातात, खेळाडू आपापल्या गावी पांगतात. महिनाअखेरीला ट्रेनिंग कॅम्प उघडेपर्यंत बातमी म्हणावी असं काही घडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत मी माझी यादी करायला बसते. संघ पिट्सबर्ग स्टीलर्स, कारण राहतं गाव पिट्सबर्ग. लग्न होऊन इथे आले तेव्हा हा खेळ म्हणजे नुसती धक्काबुक्की वाटायची. हळूहळू कळायला लागला, मग आवडायला लागला, आणि आता त्यातली मला सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट मैदानाबाहेरची आहे: कॅम्पला जाणाऱ्या ९० जणांतून सीझनसाठी उरणारे ५३ कोण, हे कॅम्प सुरू होण्याआधी ओळखणं.

नियम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ३२ संघ आहेत. उन्हाळ्यात प्रत्येकाला ९० खेळाडू बाळगता येतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी चारच्या ठोक्याला, तो आकडा ५३ वर यावाच लागतो. मधली काही वर्षं ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून पुन्हा एका फटक्यात होते. प्रत्येक संघातून ३७ जण बाहेर. ३२ गुणिले ३७ म्हणजे ११८४. एवढ्या माणसांच्या हातातलं काम दोन-तीन दिवसांत जातं. प्रत्येक संघाला १६ जणांचं प्रॅक्टिस स्क्वॉड ठेवता येतं, म्हणजे त्यातल्या पाचएकशे जणांना दुसऱ्या दिवशी सरावापुरती का होईना जागा मिळते. बाकीचे घरी.

५३ चा साचा साधारण ठरलेला असतो. क्वार्टरबॅक (पास फेकणारे) दोन किंवा तीन, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) तीन-चार, रिसीव्हर (पास झेलणारे) पाच-सहा, टाइट एंड तीन, ऑफेन्सिव्ह लाइनमन नऊ, क्वचित दहा. पलीकडे, बचावाच्या बाजूला, डिफेन्सिव्ह लाइनचे सहा-सात, लाइनबॅकर आठ-नऊ, मागचे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी मिळून दहा. शिवाय किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर असे तिघे, ज्यांची जागा कोणी मागत नाही. बेरीज करून पाहिली की कळतं, एका खान्यात एक वाढवला की दुसऱ्या खान्यातला एक जातो. सगळा खेळ त्या एकाचा असतो.

पहिली चाळीस नावं मी चहा निवायच्या आत लिहून होते. ज्यांचे करार मोठे, जे गेल्या वर्षी सुरुवातीच्या अकरात होते, जे यंदा ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या तीन फेऱ्यांत निवडले गेले, ते राहणारच. त्यात हुशारी कसली? पंचेचाळिसाव्या नावापासून मात्र पेन अडखळायला लागतं. सहावा रिसीव्हर कोण? चौथा रनिंग बॅक ठेवायचा की दहावा लाइनमन? पाचव्या कॉर्नरबॅकपेक्षा चौथा सेफ्टी जास्त गरजेचा आहे का? इथे गुणवत्तेची क्रमवारी लावून भागत नाही. सहावा रिसीव्हर हा संघातला सहाव्या क्रमांकाचा चेंडू झेलणारा असेलच असं नाही, हे उमगायला मला बराच काळ लागला.

तो निवडला जातो तो पंटसाठी. चौथ्या डाउनला, म्हणजे पुढे सरकायच्या शेवटच्या प्रयत्नाला, चेंडू लाथेने उंच उडवून समोरच्यांना दिला जातो, तेव्हा ओळीच्या दोन टोकांना जे दोघे उभे असतात त्यांना गनर म्हणतात. चेंडू हवेत असताना चाळीस-पन्नास यार्ड जीव तोडून धावायचं आणि झेलणाऱ्याला जागच्या जागी पाडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना अडवायला समोर एक, कधी दोन जण उभे असतात. टीव्हीवर कॅमेरा उडालेल्या चेंडूमागे जातो आणि या दोघांची झटापट दिसतच नाही. पाचवा-सहावा रिसीव्हर, पाचवा कॉर्नरबॅक, राखीव लाइनबॅकर, या सगळ्यांचं पोट अशा कामांवर असतं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर कागदावर रिसीव्हर होता. २००८ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत घेतलेला. अख्ख्या कारकिर्दीत त्याने एक पास झेलला, एकच. आणि तरी दहा वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या संघासाठी त्याची निवड झाली, ती या धावण्याच्या आणि पाडण्याच्या जोरावर. त्याची आकडेवारी पाहून कोणी जुलैमध्ये यादी केली असती तर स्लेटर दरवर्षी वगळला गेला असता.

हे सगळं नुसतं वाचून कळत नाही, पाहावं लागतं, आणि पाहायला पिट्सबर्गसारखं गाव नाही. स्टीलर्सचा कॅम्प १९६६ पासून लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजात भरतो. कोविडची दोन वर्षं सोडली तर खंड नाही. आमच्या मन्रोव्हिलहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. बेनेडिक्टाइन साधूंचा तिथला मठ १८४६ चा. टेकडीवर विटांचं मोठं चर्च, खाली मैदानं, आणि उतारावरच्या हिरवळीवर चटया पसरून बसलेली कुटुंबं. खेळाडू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहतात. कोट्यधीश क्वार्टरबॅकही आणि काल-परवा सही केलेला पोरगाही, त्याच अरुंद खोल्यांमध्ये.

सगळे लोक जिथे क्वार्टरबॅक असतो त्या बाजूला गर्दी करतात. मी मुलाला घेऊन पलीकडच्या टोकाला जाते, कारण गनरचा सराव तिकडे चालतो. ९० जणांचा संघ असल्याने एकच नंबर दोघांच्या पाठीवर असतो, एक ऑफेन्सचा, एक डिफेन्सचा. त्यामुळे हातात छापील यादी नसेल तर कोण कोण ते समजत नाही. गेल्या खेपेला एक सडपातळ रिसीव्हर रांगेत उभा होता. शिट्टी झाली, समोरच्याने दोन्ही हात त्याच्या छातीवर रोवून त्याला पार रेषेबाहेर ढकललं. नियम असा की ढकलला गेलास तर चालेल, पण लगेच आत यायचं. बाहेरून धावत राहिलास तर दंड. तो दोन पावलांत आत आला, खांदा खाली घालून ढकलणाऱ्याच्या काखेखालून निसटला आणि पळाला. परत येऊन पुन्हा रांगेत. पुन्हा तेच. प्रत्येक खेपेला धापा टाकत यायचा, पण चालत आला नाही, धावतच परत यायचा. मुलगा म्हणाला, "आई, हा राहील का गं?"

"त्याच्या जागेवर पाच जण आधीच पक्के आहेत," मी म्हटलं.

"मग सहावा?"

"सहाव्या जागेसाठी चौघे आहेत. तो त्यातला एक."

"पण तोच सगळ्यांत जास्त पळतोय ना."

मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्या सहाव्या जागेचा निर्णय त्या मैदानावर होणार नव्हता. डिफेन्सच्या लाइनमध्ये कोणाचा घोटा मुरगळला आणि तिथे एक जास्तीचा माणूस ठेवावा लागला, तर रिसीव्हर पाचच राहणार होते, मग हा कितीही पळो. दुसऱ्याच्या घोट्यावर याचं वर्ष टांगलेलं. हे बारा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की याचा नंबर लिहून ठेव.

माझं काम हिशेबांचं आहे. दिवसभर इतरांचे ताळेबंद तपासते. त्यामुळे यादीतला पैशांचा भाग मला विशेष जवळचा वाटतो, आणि मला वाटतं अंदाज बांधणारे बरेच जण त्याकडे हवं तेवढं लक्ष देत नाहीत. सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाने पगारावर खर्चायची कमाल मर्यादा, २०२५ साठी २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. उन्हाळ्यात फक्त सर्वांत महाग ५१ करार त्यात धरतात. सीझन सुरू झाला की सगळे धरतात, प्रॅक्टिस स्क्वॉडवाले आणि जखमींच्या यादीतलेही. म्हणजे सप्टेंबरात खर्च आपोआप फुगणार असतो, आणि तो कुठून तरी काढावा लागतो. बहुतेक वेळा तो एखाद्या तिशी गाठलेल्या, मधल्या पगाराच्या, अजून चांगलं खेळणाऱ्या माणसाकडून काढला जातो. त्याच्या जागी येणारा नवखा त्याच्याइतका चांगला नसतो, पण त्याला किमान पगार पुरतो. २०२५ साली नवख्याचा किमान वार्षिक पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला १३ हजार. अठरा आठवडे पूर्ण टिकला तरी दोन लाख चौतीस हजार, आणि तिथे तर कोणत्याही मंगळवारी नारळ मिळू शकतो. ५३ वा आणि ५४ वा यांच्यात खेळाचा फरक कदाचित काहीच नसतो. पैशांचा फरक हा असा.

ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या असतात. त्या संपल्या की ज्यांना कोणी घेतलं नाही त्या मुलांवर संघ काही तासांत तुटून पडतात आणि साधे करार करतात. त्या करारांत हमीची रक्कम किती आहे, हे मी मे महिन्यातच टिपून ठेवते. एखाद्याला काही हजारांवर बोळवलेलं असतं, एखाद्याला लाखाच्या वर हमी दिलेली असते. त्या पैशांतून संघाच्या मनातलं कळतं. प्रशिक्षक पत्रकारांसमोर सगळ्यांचंच कौतुक करतात, त्यांनी करायलाच हवं. चेकवरचा आकडा मात्र प्रत्येकासाठी वेगळा असतो.

अनुभवी खेळाडूंचा हिशेब आणखी निराळा. ज्याची चार वर्षं भरली आहेत त्याला काढलं तर तो थेट मोकळा होतो. चारपेक्षा कमी वर्षांच्याला वेव्हर्समधून जावं लागतं, म्हणजे चोवीस तास बाकीचे ३१ संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात, आणि गेल्या वर्षी ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट त्याला पहिला मान. त्यामुळे कित्येकदा संघ एखाद्या जुन्या, भरवशाच्या माणसाला मंगळवारी काढतो आणि बुधवारी परत घेतो. जागा एक दिवसापुरती कोणा तरुणाला वाचवायला वापरलेली असते. हे आधीच त्याच्याशी बोलून ठरलेलं असतं. जखमींच्या यादीचे नियम २०२४ मध्ये थोडे सैल झाले, दोघांना छाटणीच्या दिवशीच त्या यादीत टाकून पुढे परत आणता येऊ लागलं, तेव्हापासून ही कसरत जरा कमी झाली. पण गेली नाही. जुलैत यादी करताना असा एखादा जुना माणूस मी ५३ मध्ये धरायचा की नाही, यावर मी दरवर्षी घोळते.

२०२२ चा उन्हाळा मला या सगळ्या शास्त्राचा कळस वाटतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सनी त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू म्हणून ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅकला घेतलं. शेवटच्या खेळाडूला गंमतीने ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणायची तिथे प्रथा आहे. पुढे ट्रे लान्स हा नवा क्वार्टरबॅक, मागे नेट सडफेल्ड हा अनुभवी राखीव. आधीचा क्वार्टरबॅक जिमी गारोपोलो याला दुसरा संघ शोधायची मुभा दिलेली, खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, तो जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच. जुलैमधल्या याद्यांत त्याचं नाव असायचं कारणच नव्हतं. छाटणीच्या आदल्या दिवशी, २९ ऑगस्टला, गारोपोलो कमी पैशांच्या नव्या करारावर राहिला. सडफेल्डला डच्चू मिळाला. पर्डी तिसरा म्हणून टिकला. दुसऱ्या सामन्यात लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरच्या सुरुवातीला गारोपोलोचा पाय, आणि २६२ वा मुलगा मैदानात उतरून संघाला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत, घेऊन गेला. पुढच्या सीझनमध्ये तर सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत.

या गोष्टीत लोक पर्डीला पाहतात, आणि पाहावंच. मला त्याच वेळी सडफेल्ड दिसतो. २८ ऑगस्टला तो त्या संघाचा दुसरा क्वार्टरबॅक होता. त्याच्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

आमच्याकडे त्याच ऑगस्टमध्ये जेलन वॉरेन होता. ओक्लाहोमा स्टेटचा, ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला रनिंग बॅक. कॅम्पमध्ये त्याच्या हातून चेंडू सुटला, तेव्हा त्याला तो चेंडू दिवसभर बरोबर बाळगायला लावला. जेवायला, बैठकीला, वसतिगृहात, सगळीकडे काखेत चेंडू, आणि येता-जाता सहकारी तो पाडायला टपलेले. पण मला त्याच्यावर पैज लावावीशी वाटली ती चेंडूमुळे नाही. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या लाइनबॅकरला समोरून भिडायचा जो सराव असतो, त्यात तो मागे सरत नव्हता. तिसऱ्या डाउनला प्रशिक्षकाला रनिंग बॅककडून हेच हवं असतं. वॉरेनची वर्णी लागली, आणि पुढच्या काही वर्षांत तो संघाचा आधार झाला.

अशी एक गोष्ट हाती लागली की वर्षभर आनंद पुरतो. पण माझ्या वहीत ५३ नावांसमोरच्या पानावर ३७ नावंही असतात, आणि माझं खरं मन त्या पानात असतं. प्रत्येक नावापुढे मी कॉलेज लिहिते, आणि तो का जाईल ते कारण. ‘जागा नाही, पुढे चौघे हमीचे.’ ‘पंटवर खेळत नाही.’ ‘पगार मोठा, वय एकतीस.’ ‘गुडघा.’ हे लिहायची सवय लागल्यापासून माझ्या लक्षात आलं, ‘खेळता येत नाही’ असं कारण मला जवळजवळ कधीच लिहावं लागत नाही. नव्वदात पोचलेला प्रत्येक जण आपल्या शाळेतला, गावातला, बहुधा कॉलेजातलाही सगळ्यात चांगला खेळाडू असतो.

मी दादरची. पद्माकर शिवलकरांचं नाव आमच्या घरी हळहळत घेतलं जायचं. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची जागा एक आणि तिथे बिशनसिंग बेदी. बाबा म्हणायचे, जागा नव्हती गं, बाकी काही नाही. लहानपणी मला ते समजूत काढणं वाटायचं. आता इतक्या याद्या लिहून झाल्यावर मला ते वाक्य तंतोतंत खरं वाटतं. म्हणून इथले पत्रकार जेव्हा आपले अंदाज छापतात, पोझिशनप्रमाणे ५३ नावं आणि खाली बारीक अक्षरांत ‘वगळलेले’ म्हणून एका ओळीत ३७ आडनावं, तेव्हा मला राग येतो. अंदाज बांधायचाच असेल तर प्रत्येक वगळलेल्यापुढे कारण लिहा. त्याशिवाय तो अंदाज अर्धाच. राहणाऱ्याबद्दल तर सगळेच लिहितात.

छाटणीच्या सकाळी संघाचा एक कर्मचारी खेळाडूला गाठतो आणि सांगतो, प्रशिक्षकांनी बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये. जुन्या काळापासून त्या निरोप्याला ‘द टर्क’ म्हणतात. प्लेबुक आता टॅब्लेटवर आलं, निरोप तोच आहे. खोलीतल्या दोघांपैकी एकाला बोलावणं येतं, दुसरा तसाच पलंगावर बसलेला असतो. दुपारपर्यंत हे चालू राहतं.

आणि मग काय होतं त्यांचं? याचं मला सर्वांत आवडतं उत्तर २००९ च्या १ फेब्रुवारीचं आहे, टॅम्पामधल्या सुपर बोलचं. स्टीलर्स विरुद्ध अॅरिझोना कार्डिनल्स. पहिला अर्धा संपायला अठरा सेकंद बाकी, कार्डिनल्स गोलरेषेला टेकलेले, स्टीलर्स तीन गुणांनी पुढे. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. वॉर्नरला १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी कॅम्पमधूनच घरी पाठवलं होतं. तिथे ब्रेट फार्व्ह होता, मार्क ब्रुनेल होता, टाय डेटमर होता, चौथ्याला कुठली जागा! त्यानंतर तो आयोवातल्या सीडर फॉल्सला हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळीत फळ्यांवर माल लावत असे. मग इनडोअर फुटबॉल, मग अॅम्स्टरडॅमचा संघ, मग सेंट लुइस रॅम्सचा राखीव. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका सराव सामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि वॉर्नरला जागा मिळाली. त्याच सीझनच्या शेवटी सुपर बोल आणि त्यातला सर्वोत्तम खेळाडूचा मान.

समोर लाइनबॅकर जेम्स हॅरिसन. तोही २००२ मध्ये ड्राफ्टमध्ये न निवडलेला. स्टीलर्सनी त्याला घेतलं आणि सोडलं, पुन्हा घेतलं आणि सोडलं. बाल्टिमोर रेव्हन्सनी युरोपातल्या लीगमध्ये खेळायला पाठवलं आणि सोडलं. तो बस चालवायचा विचार करत होता असं सांगतात. २००४ च्या कॅम्पच्या सुमाराला स्टीलर्सच्या क्लार्क हॅगन्सचा हात वजनं उचलताना दुखावला, एक माणूस कमी पडला, म्हणून हॅरिसनला बोलावणं गेलं. २००८ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता.

त्या अठरा सेकंदांत हॅरिसनने धावून जाण्याची हूल दिली आणि मागे सरकला. वॉर्नरचा पास थेट त्याच्या छातीत. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत शंभर यार्ड तो पळाला, वाटेत सात-आठ जणांना चुकवत, शेवटी लॅरी फिट्झजेराल्ड अंगावर असताना पलीकडे कोसळला आणि उठेचना. आमच्या घरात तेव्हा माणसं सोफ्यावर उभी राहून ओरडत होती. सामना २७-२३ असा जिंकला. मला मात्र नंतर कितीतरी दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, की ज्याने पास फेकला तो आणि ज्याने तो पळवला तो, दोघंही कोणाच्या ना कोणाच्या सदतिसात होते. कोणत्याही जुलैमध्ये, हाती असलेल्या माहितीवर, मी स्वतः त्या दोघांना समोरच्या पानावर लिहिलं असतं, आणि कारणही बरोबरच लिहिलं असतं: जागा नाही.

पिट्सबर्गला तर ही गोष्ट आणखी जुनी ठाऊक आहे. जॉनी युनायटस याच गावचा पोरगा. १९५५ मध्ये स्टीलर्सनी त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि सीझनआधी सोडून दिलं. सराव सामन्यांत त्याला खेळवलंही नाही. तो बांधकामावर मजुरी करायचा आणि ब्लूमफिल्डच्या एका हौशी संघाकडून सामन्याला सहा डॉलरवर खेळायचा. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी बोलावलं. १९५८ ची चॅम्पियनशिप त्याने जिंकून दिली. ब्लूमफिल्डमधल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना युनायटसचा विषय निघाला, की आजही ते स्टीलर्सवर चिडतात.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही तेवढंच खरं. बहुतेकांचं नाव पुढे कधी ऐकू येत नाही. मी शोधत राहते. कोणी वसंतातल्या यूएफएल या छोट्या लीगमध्ये दिसतो, कोणी कॅनडात, कोणी आपल्या शाळेतच प्रशिक्षक होतो. लॅट्रोबला ज्याचा नंबर मुलाने लिहून ठेवला होता तो रिसीव्हर त्या ऑगस्टमध्ये गेला. माझ्या पानावरचं कारण आणि घडलेलं कारण एकच होतं, आणि त्याचा मला जराही आनंद झाला नाही. वेव्हर्सवर कोणी हक्क सांगितला नाही, प्रॅक्टिस स्क्वॉडवरही नाव आलं नाही. मग नोव्हेंबरात दुसऱ्या एका संघाने त्याला सरावासाठी घेतलं. मुलाने ही बातमी मला शाळेतून आल्या आल्या सांगितली, दप्तर खांद्यावरच.

यंदाच्या पानावर अजून दोन रकाने रिकामे आहेत. चौथा रनिंग बॅक ठेवला तर दहावा लाइनमन जातो, आणि तो लाइनमन सेंटर आणि गार्ड दोन्ही खेळतो. सामन्याच्या दिवशी ४८ जणांनाच उतरवता येतं, त्यांत आठ लाइनमन असावे लागतात, तेव्हा दोन जागा सांभाळणारा माणूस सोन्याचा. उलट तो रनिंग बॅक किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना लाथेने उडवलेला चेंडू, परतवतो, आणि किकऑफचे नियम बदलल्यापासून त्या कामाची किंमत वाढली आहे. मुलाचं मत रनिंग बॅकला आहे. माझं अजून ठरत नाहीये. कॅम्पच्या पहिल्या पाच दिवसांत पॅड घालत नाहीत, तेव्हाच्या पळण्यावरून काही कळणार नाही. सहाव्या दिवशी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभं राहायचं आणि पंटच्या पहिल्या फळीत प्रशिक्षक कोणाला उभं करतात ते पाहायचं. यादी मात्र त्याआधीच पुरी करायची, पेनाने, ३७ कारणांसकट.